अकरा वीसची खिडकी

भावाला भेटायला त्या शहरात जायची बंदी होती. पुतळे बघायला जायची नव्हती.

साथीचं दुसरं वर्ष. शहराचं पोट पर्यटकांवर, त्यामुळे हॉटेलचं बुकिंग आणि निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला की माणसाला आत सोडायचं, असा नियम निघाला होता. पेशंटच्या नातेवाइकांसाठी वेगळा अर्ज होता. तो मी दोनदा भरला, दोनदा परत आला. शेवटी तीन दिवसांची सहल घेतली. भाऊ ऑक्सिजनवर आणि बहीण सहलीला, हे शेजारणीला सांगायचीसुद्धा चोरी. लाज वाटली, पण गेले.

धाकट्याला घरात सगळे सावकाश म्हणायचे. आईने दूध आणायला पाठवलेला हा बाबा दूध नासायच्या बेताला घरी यायचा. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत तो अकरा वर्षं इस्त्रीवर होता. डावखुरा असल्यामुळे त्याचं टेबल उलटं लावलेलं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान. दर फोनला एकच पालुपद, "ताई, ये की एकदा. सगळं शहर दाखवतो." मी म्हणायची, रजा मिळाली की येते. रजा शिल्लक होती. कायम शिल्लक असायची.

मी बस डेपोत वेळापत्रक करते. सव्वीस वर्षं झाली. कुठली गाडी कुठे किती रखडते, हे मला झोपेतून उठवून विचारा. छापलेली वेळ ही लोकांच्या समाधानासाठी असते, खरी वेळ तीत वीस मिनिटं मिसळल्यावर येते. नव्या कारकुनांना मी हे पहिल्या दिवशी सांगते आणि त्यांचे चेहरे बघून मला मजा वाटते.

सहलीच्या पहिल्या संध्याकाळी कंपनीने कार्यक्रमाचा कागद आणि एक पिवळी टोपी दिली. गाईडला माणसं मोजायला सोपं जावं म्हणून टोपी. कागदावर दुसऱ्या दिवशी 'घंटाघर, अकरा वाजता, थांबा पंधरा मिनिटं' असं होतं. घंटाघराच्या समोरच, रस्त्यापलीकडे, त्याचं हॉस्पिटल. देवच पावला म्हटलं.

रात्री आठला सिस्टरचा फोन आला. वॉर्डातून त्याच फोन करायच्या, बाहेरून कुणाचा लागत नसे.

"तिसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी," सिस्टर म्हणाल्या. "भिंतीवरचा ऑक्सिजन काढून छोट्या सिलिंडरवर घेईन आणि खुर्चीतून खिडकीपाशी आणीन. पण पाच मिनिटं हं, त्याच्यावर नाही. डॉक्टरांनी बघितलं तर माझी खैर नाही. किती वाजता आणू?"

"अकरा वीसला."

"कागदावर अकरा वीस आहे?"

"कागदावर अकरा आहे. पण तुम्ही अकरा वीस धरा."

"नक्की ना? नाहीतर अकराच धरू या का?"

"अहो सिस्टर, मी सव्वीस वर्षं हेच काम करतेय. टुरिस्ट गाडी वेळेवर येत नसते. आणि त्याला सांगा, मी पिवळी टोपी घालून उभी असेन."

पलीकडे काहीतरी घरघरलं. सिस्टर हसल्या. "ते म्हणतायत, ताई सांगते तेच बरोबर."

सकाळी बस निघाली. चाळीस सीटच्या गाडीत आम्ही नऊ जण, आणि गाईड. बारीकसा, पन्नाशीचा माणूस, हातात झेंडा, मास्कमुळे आवाज दबलेला पण उत्साह दुप्पट. रस्ते धुऊन वाळत घातल्यासारखे रिकामे. दुकानांची शटर खाली, कारंजी बंद, चौकातल्या बाकांवर एकाआड एक फुल्या मारलेल्या. जुना पूल आम्ही दहा मिनिटांत बघितला. संग्रहालयात तिकिटाच्या खिडकीपाशी कुत्रं झोपलं होतं.

"बघा मंडळी, तुमचं नशीब!" गाईड सारखा म्हणत होता. "एरवी इथे दोन-दोन तास रांग. एकोणीस वर्षांत मी एकदाही वेळेवर पोचलो नव्हतो. आज आपण वेळेच्या पुढे आहोत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असतील. मग घड्याळाकडे बघितलं आणि वाजवायच्या थांबले.

घंटाघरापाशी उतरलो तेव्हा दहा पस्तीस झाले होते.

मी खिडक्या मोजल्या. तिसरा मजला, कोपरा. निळा पडदा, अर्धा ओढलेला. आत माणसाची हालचाल नव्हती. वॉर्डाचा नंबर फिरवला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा फिरवला. मध्ये फक्त एक रस्ता होता, त्याच्यावर एक गाडी नाही, आणि फाटकापाशी दोन सुरक्षारक्षक. एकाने मला पाऊल टाकताना बघितलं आणि हातानेच मागे हो म्हणून खुणावलं.

दहा पन्नासला गाईडने झेंडा वर केला.

"इथे जरा थांबू या का?" मी विचारलं. "अकरा पंचवीसपर्यंत?"

"नाही हो मॅडम. प्रत्येक थांब्यावर पास स्कॅन होतो. मागून आपलीच दुसरी बस येतेय सव्वाअकराला. दोन गट एका ठिकाणी चालत नाहीत."

मग मी त्याला खरं काय ते सांगून टाकलं. सगळं, अर्जापासून. खोटं कारण सांगून आत आलेल्या माणसाला त्याने पोलिसात द्यायला हवं होतं, हे मला माहीत होतं. त्याने खिडकीकडे बघितलं, मग माझ्या टोपीकडे.

"मॅडम, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही," तो म्हणाला. आणि वळून मोठ्याने, "मंडळी, या घड्याळाची एक गोष्ट राहिलीच की!"

मग तो बोलत सुटला. घड्याळ कुणी बनवलं, काटे कुणी घडवले, राजाला दुसरी राणी कशी मिळाली, तिने घड्याळ बंद का पाडलं. त्या राणीचं त्या घड्याळाशी काही घेणंदेणं नसावं, ती त्याने जागच्या जागी तयार केली असावी. मागच्या सीटवरच्या रिटायर्ड मास्तरांनी शंका विचारली तर त्यांचे आभार मानून तीही लांबवली. मी पडद्याकडे बघत होते. अकराचे टोल पडले. तेवढ्यात सुरक्षारक्षकाने शिट्टी मारली आणि चालत आला.

"पास संपला. गाडीत बसा."

"मी नाही बसत," मी म्हटलं. "मी इथेच उभी राहते. वीस मिनिटांचा प्रश्न आहे."

"एक माणूस कमी दिसला तर अख्खी बस चौदा दिवस कोंडून ठेवतात, बाई. तुम्ही ठरवा."

मास्तर आणि त्यांची बायको माझ्याकडे बघत होते. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आले होते दोघं. बायकोच्या हातात औषधांचा डबा होता, तीन दिवसांपुरता. ते काही बोलले असते तर मी भांडले तरी असते. अकरा चारला मी गाडीत बसले. काचेला नाक लावून मागे बघत राहिले. पडदा हलला नाही. आपल्या हातांनी आपल्या पायावर धोंडा मारून घेतलेल्या बाईला दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही. ज्या अकलेचा तोरा आयुष्यभर मिरवला, तिनेच माझा घात केला.

अकरा अठ्ठावीसला आम्ही राजवाड्यात होतो. दोरीपलीकडे कुठल्याशा राणीचा पलंग होता. फोन वाजला.

"झाली बाई भेट!" सिस्टर म्हणाल्या. "अकरापासून तयार बसले होते, केस विंचरून घेतले माझ्याकडून. बरोब्बर वेळेवर दिसलात हो तुम्ही! पिवळी टोपी बघितली आणि काय हात हलवायला लागले. तुम्हीही किती वेळ हलवत होतात! मलाच रडू आलं."

मी पलंगाकडे बघत होते. दुसरी बस. तीही आमच्याच कंपनीची.

"ऐकताय ना? ते म्हणतायत, ताई बारीक झालीय."

मी साठ किलोची बाई, सत्तरची झाले होते.

"हो," मी म्हटलं. "झालेय जरा."

"विचारतायत, शहर आवडलं का."

"आवडलं म्हणावं. तू म्हणायचास तसंच आहे म्हणावं."

गाईडने दुरूनच भुवया उंचावून विचारलं, भेट झाली का? मी मान हलवली. त्याला काय समजायचं ते समजू दे, एवढंही मला सुचलं नाही. तो मात्र खुलला आणि राणीची गोष्ट जोरात सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला डॉक्टरांचा फोन आला. सिस्टरचा नव्हता, तेव्हाच कळलं. सात वाजता गेला. ताबा कुणालाच देत नाहीत, पुढचं सगळं नगरपालिका करते, म्हणाले. मी रस्त्याच्या कडेला तरी उभी राहते म्हटलं. "तुम्ही शहरात आहात?" त्यांनी आश्चर्याने विचारलं. "कशा काय?" मी फोन ठेवला. बस दहाला सुटायची होती आणि पास बारापर्यंतचा होता.

वेशीवरच्या नाक्यावर रिपोर्ट तपासायला दोन्ही बस थांबवल्या. जमिनीवर सहा-सहा फुटांवर पांढऱ्या रेघा होत्या. पलीकडच्या रांगेत पिवळ्या टोप्या होत्या, दहा-बारा. त्यात एकच बाई बारीक होती.

मी माझ्या रेघेवरूनच हाक मारली. "अहो ताई, काल घंटाघरापाशी तुम्ही कुणाला हात केलात का? समोर, तिसऱ्या मजल्यावर?"

ती दचकली. "हो. होते कुणीतरी खिडकीत. एवढं मनापासून हात करत होते, मीपण केला. का हो?"

"कसा दिसत होता तो?"

"लांबून काय दिसणार? तोंडावर मास्क होता मोठा. केस मात्र छान विंचरलेले होते." ती थांबली. "तुमच्या ओळखीचे होते का?"

"भाऊ माझा."

तिचा हात तोंडापाशी गेला. तिला सगळं समजलं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या मागचे मास्तर म्हणाले, बाई, पुढे सरका, आपला नंबर आला.

"हात कसा हलवत होता?" मी विचारलं. "तेवढं करून दाखवाल?"

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. जरा आठवलं. मग डावा हात वर केला आणि हळूहळू हलवला, इकडून तिकडे, पूर्ण.

"अजून एकदा," मी म्हटलं.