गळाभेटीची तालीम

लोणी काळभोरची दुर्गाबाई तशी कुणाच्या बापाला भ्यायची नाही. कोर्टात जन्मठेप ऐकली, पण डोळ्यांतून टिपूस गाळलं नाही. आणि आता येरवड्याच्या तुरुंगात गळाभेटीची, म्हणजे कैद्यांना पोरांना जवळ घेऊन भेटू देतात त्या दिवसाची, यादी लागली, तीत लेकीचं, श्रद्धाचं, नाव दिसलं, तर बाई पहिल्यांदा भ्याली. पाच वर्षांनी पोरगी येणार होती. ही पाच वर्षं हिनं दर पत्रात एकच थाप मारलेली: मी काही केलं नाही, मला गोवलंय.

केलं होतं. अंगावर आलेल्या दिराच्या डोक्यात वरवंटा घातला होता, तो जागीच गेला. हे खरं ती फक्त बुधवारच्या गटात बोलली होती. बाहेरून समुपदेशक सुनीतीताई यायच्या, अकरा कैदी आया गोल करून बसायच्या आणि कुठंच बोलता येत नाही ते तिथं बोलायच्या.

"खरं सांगितलं तर पुन्यांदा यायची न्हाई ती," दुर्गाबाई म्हणाली.

"आणि नाही सांगितलंत, तर ती कुणाला भेटून जाणार? तुम्हाला, की थापेला?" सुनीतीताईंची जीभ अस्सल सदाशिव पेठेतली.

मग तालीम सुरू झाली. गटातलीच बुटकी हुस्नबानू श्रद्धा व्हायची. दुर्गाबाई उकिडवी बसून हात पसरायची, कारण लेक तिच्या कमरेएवढी. हुस्नबानू मिठीत शिरून विचारायची, "आई, तू केलंस का गं?" तीन बुधवार दुर्गाबाई उठून चालती झाली. चौथ्या बुधवारी म्हणाली, "केलं." तेव्हा हुस्नबानूच हमसून रडली.

भेटीच्या दिवशी दार उघडलं. दुर्गाबाई झटकन उकिडवी बसली, हात पसरले. समोर येऊन थांबल्या दोन लांबच लांब तंगड्या. अगं बाई! नऊ वर्षांची पोर पाच वर्षांत चौदाची होते, हे अकरा आयांतल्या एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं!

श्रद्धा क्षणभर बघत राहिली. मग तीही फरशीवर बसली.

"म्या केलंय, बाळा. तुला खोटं लिवलं," दुर्गाबाई एका दमात बोलून गेली.

श्रद्धानं आईच्या गळ्यात हात टाकले, ते वेळ संपेस्तोवर काढलेच नाहीत. निघताना डोळे पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी उभी राहा गं. गुडघे दुखतील तुझे."

दुर्गाबाई बराकीत परतली ती छाती काढून.

"काय म्हणाली?" हुस्नबानूनं विचारलं.

"पुढच्या वेळी म्हणाली! आणि बानू, आता तू न्हाई हां श्रद्धा व्हायचं. माझी लेक लई उंच हाय."