चार ओळींखालची कोरी जागा

मी एक जुना कवितासंग्रह आहे. माझी पाठ निघाली आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत आणि मला उघडलं की आधी शिंक येते. मित्रांनो, हसू नका. माझ्या पोटात चीनच्या कविता आहेत, बाराशे वर्षांपूर्वीच्या, तिकडे कवितेचा सुवर्णकाळ होता तेव्हाच्या. एका प्राध्यापकांनी त्या मराठीत आणल्या आणि १९९१ साली परभणीच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला.

माझ्या प्रत्येक पानावर फक्त चार ओळी आहेत. खाली सगळं कोरं. "एवढा कागद वाया काहून घालवून राहिले?" असं छापखान्यातला माणूस म्हणाला, तेव्हा मला फार राग आला होता. ते कवी दुःखाला दुःख म्हणत नसत. एक विझत आलेला दिवा दाखवत, नाहीतर उडून जाणारी रानहंसांची रांग, आणि तिथेच थांबत. उरलेलं वाचणाऱ्याच्या मनात उमटायचं. त्या कोऱ्या जागेचा मला गर्व होता.

मी डोंगरकड्याच्या वाचनालयात आलो. निवृत्त शिक्षक संतराम गुरुजी ते सांभाळत. त्यांनी मला इतक्यांदा वाचलं, की हळूहळू ते स्वतःच माझ्यासारखे बोलू लागले. थोडं बोलायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. लोक म्हणत, गुरुजींचं बोलणं फार गोड. मी फुगून जायचो.

गुरुजींकडे अनुसयाबाई रोज शेळीचं दूध घालायला येत. त्यांचे मालक पुंजाजी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पैनगंगेपलीकडे जात, ते मृगाच्या आधी परतत. अनुसयाबाईंना वाचता येत नसे. गुरुजी चहा ठेवत आणि त्यांना माझ्यातली एक कविता वाचून दाखवत. त्या दरवेळी विचारत, "फुडं काय झालं? घरी आला का त्यो?"

"पुढं लिहिलेलं नाही," गुरुजी सांगत.

"अर्धंच लिवतेत हे लोक," असं म्हणून त्या किटली उचलत.

१९९५ सालच्या होळीच्या आधीची गोष्ट. पुनमचंद यांच्या किराणा दुकानात गावातला एकमेव फोन होता. एका सकाळी ते धापा टाकत वाचनालयात आले. पुंजाजींना पलीकडच्या तालुक्यातल्या दवाखान्यात ठेवलं होतं, ताप मेंदूत गेला होता. ते बायकोचं नाव घेत होते आणि डॉक्टरांनी तिला आजच आणायला सांगितलं होतं.

"गुरुजी, तुमीच सांगा बाईला," पुनमचंद म्हणाले. "तुमच्या तोंडून तकलीफ कमी व्हईल."

आमच्याकडे वाईट बातमी अशीच गोड बोलणाऱ्याच्या गळ्यात घालतात. दुपारी बारा वाजता अनुसयाबाई आल्या. दोनला एसटी होती. गुरुजींनी मला उघडलं. त्यांचा अंगठा ओला होता, त्याचा डाग माझ्यावर अजून आहे. त्यांनी वाचलं:

दूरच्या धर्मशाळेत एक प्रवासी निजला आहे.
उशाशी औषधाची वाटी गार झाली आहे.
खिडकीत चंद्र आलेला आहे.
तो आता त्याच्या अंगणातही उतरला असेल.

अनुसयाबाईंनी किटली खाली ठेवली. पदराने डोळे पुसले. "त्याच्या घरचं कोनी गेलं न्हाई का त्याच्याकडं?" त्यांनी विचारलं.

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना वाटलं, बाईला कळलं. अनुसयाबाईंना वाटलं, कविता संपली. त्या किटली घेऊन घरी गेल्या आणि शेळ्यांना पाला टाकत बसल्या. दोनची एसटी निघून गेली.

दिवस मावळताना पुंजाजी गेले. सोबतच्यांनी तिकडेच माती दिली. दोन दिवसांनी घरी आली ती त्यांची काठी आणि घोंगडी.

तेराव्यानंतर, पुनमचंदांकडून त्या फोनचं कळल्यावर, अनुसयाबाई वाचनालयाच्या दारात उभ्या राहिल्या. "गुरुजी, तुमाला म्हाईत व्हतं?"

गुरुजी काही बोलले नाहीत. तेव्हासुद्धा नाहीत. मला माझ्याच पानांची लाज वाटली.

पुढे गुरुजी खचले आणि दोन वर्षांनी वारले. वाचनालय बंद पडलं. आम्हा पुस्तकांना पोत्यात भरून ग्रामपंचायतीच्या अडगळीच्या खोलीत फवारणीच्या पंपांशेजारी टाकलं. दहा वर्षं वाळवी आणि पावसाचं पाणी. २००७ साली ती खोली रिकामी करताना अनुसयाबाईंच्या लेकीने, अंगणवाडीत काम करणाऱ्या सुकन्याने, मला उचलून घरी नेलं.

ओट्यावर बसून ती मला चाळू लागली. त्या पानावर थांबली. चार ओळींखाली गुरुजींच्या अक्षरात, पुंजाजी गेल्यानंतर मागाहून, पेन्सिलीने काही लिहिलेलं होतं. तिने आईला वाचून दाखवलं, "अनुसयाबाई, पुंजाजी लई आजारी हायेत. तुमचं नाव घेऊन राहिलेत. दोनची गाडी धरा."

अनुसयाबाईंनी तिच्याकडून ते पुन्हा वाचून घेतलं. मग त्या पानावरून हात फिरवला. "बघ," त्या म्हणाल्या, "चार वळी बी लागल्या न्हाईत."

मित्रांनो, म्हातारी पुस्तकं तुम्हाला सांगतात, आम्हाला कव्हर घाला, पानं दुमडू नका. ते कराच. पण माझं मागणं वेगळं आहे. माझ्यातली कोरी जागा सुंदर आहे, ती कवितेत राहू द्या. कुणाच्या घरची बातमी तुमच्या हाती आली, तर ती सरळ सांगा, रडू येत असलं तरी सांगा, आणि दोन वाजायच्या आत सांगा.