बस्त्यांवने मानलेले उपकार

वाचक बंधुभगिनींनो, समुद्राच्या मुखातून परमेश्वराने ज्यास जिवंत परत आणले, त्या मनुष्यास उपकाराचे दोन शब्द उच्चारणे किती कठीण गेले, याचे कथन पुढील ओळींत यथामती केले आहे. आनंदाच्या अपेक्षेने कोणी वाचू नये.

मालवण किनाऱ्यावरील एका वाडीत बस्त्यांव फर्नांडिस व गंगाराम हे शेजारी एकाच होडीवर मासेमारी करीत. आचरे गावासमोरच्या समुद्रात ती होडी उलटली. एका रिकाम्या डब्यास धरून बस्त्यांव तरला. गंगाराम त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. परंतु गंगारामची पत्नी सुभद्रा किनाऱ्यावर धावत आली, तेव्हा तिची मुद्रा पाहून बस्त्यांवच्या तोंडून भलतेच निघून गेले, "तेच्याकडे पण डबो आसा. येतलो तो."

त्या वाक्याच्या आधारावर ती माउली एकोणीस दिवस जगत होती. कुंकू तिने पुसले नव्हते.

इकडे बस्त्यांवची पत्नी फिलोमिन हिने, पती परतल्यास वाडीच्या खुरसापाशी लदीन घालीन, असा नवस केला होता. क्रूसापुढे मेणबत्त्या लावून सर्वांनी प्रार्थना गायची, मग उकडलेले चणे वाटायचे, अशी ही रीत आहे.

"सुभद्रेक कित्याक बोलावलंस?" बस्त्यांवने विचारले.

"शेजारीण ती. तिका सोडून देवाचे उपकार मानू?"

संध्याकाळी माणसे जमली. लदीन म्हणवणारे वृद्ध इनासबाब म्हणाले, "चणे बरे शिजव हां गो फिलोमिन! गेल्या लदनीक माझो दात चण्यांबरोबर गेलो."

सर्व हसले. सुभद्राही हसली, आणि ते हास्य बस्त्यांवच्या काळजात सुरीप्रमाणे शिरले.

गायन संपल्यावर मृतांसाठी प्रार्थना करतात. नावे यजमानाने सांगायची असतात. बस्त्यांवने आईबापांची नावे सांगितली.

"आनी कोण?" इनासबाबांनी विचारले.

नाव घ्यावे तर सुभद्रेची आशा मरणार. न घ्यावे तर मित्राचा आत्मा प्रार्थनेवाचून राहणार, आणि क्रूसापुढे मानलेले उपकारही खोटे ठरणार. बस्त्यांवने क्रूसाकडे पाहिले.

"गंगाराम," तो म्हणाला.

"माझ्या घोवाचा नाव हय कित्याक?" सुभद्रा उठून उभी राहिली. "बस्त्यांवभाऊ, तो येतलो म्हणालात मा तुमी?"

"तो माझ्या डोळ्यांसमोर गेलो, वहिनी. माका सांगूक धीर झालो नाय."

"एकोणीस दिवस फसवलात माका."

तिने आक्रोश केला नाही. कुणाचाही हात न धरता ती घराकडे चालू लागली. जरा वेळाने त्या घरातून जो स्वर उठला, त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे.

इनासबाबांनी "आमच्या स्वर्गातील बापा" आरंभिले. बस्त्यांव गुडघे टेकून होता. "देवा, माका वाचवलंस. देव बरे करू," असे उपकाराचे शब्द तो पुटपुटला. अंतःकरणात आनंद नव्हता, शांतीही उतरली नाही. तरी वाचवले हे सत्य होते, म्हणून त्याने ते शब्द पुन्हा एकदा उच्चारले.

माझे तोडकेमोडके लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपणा सर्वांचा अत्यंत ऋणी,
आग्नेल मिंगेल लोबो