कीफवर पांघरलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे, आणि माझ्या हातून जे घडलं ते सांगताना आजही माझी लोकर शहारते. घोंगडीनं कुणाचा जीव घेतल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या रीफ नावाच्या डोंगरातला. तामूच्या आईनं लेकीच्या लग्नासाठी मला विणलं. पाच मेंढ्यांची लोकर, दोन हिवाळे आणि शेजारणींच्या न संपणाऱ्या चहाड्या, एवढं माझ्यात गुंफलेलं आहे. तामूची लेक माझ्या उबेत वाढली. भाकरीचं पीठ माझ्याखाली फुगलं. बर्फात जन्मलेलं करडू माझ्याखाली जगलं. "माझ्या आईची घोंगडी मेलेल्यालाही उठवून बसवेल," असं तामू येईल त्याला सांगायची. आणि मी, खोटं कशाला बोलू, फुगून जायचे.

या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कीफ पिकते. तुम्ही तिला भांग म्हणता. ती पिकवणं गुन्हा होता आणि न पिकवणं म्हणजे उपास. तामूच्या नवऱ्याच्या, लायाशीच्या, नावानं वॉरंट निघालं, आणि अकरा वर्षं तो बाजाराच्या गावी उतरला नाही. जीपचा आवाज आला की मला खांद्यावर टाकायचा आणि ओकच्या रानात शिरायचा. लेकीच्या लग्नातसुद्धा तो मला पांघरून समोरच्या टेकडीवर बसला होता. ढोल ऐकू येत होते, लेक दिसत नव्हती. त्या दिवशी मी किती भिजले ते फक्त मला ठाऊक.

पुढे तेतवान शहरातून वाघाचं चित्र असलेली मखमली रजई आली, आणि माझी रवानगी खेचराच्या पाठीवर झाली. तक्रार नाही. वाघापुढे कोण बोलणार?

मग कायदा बदलला. औषधांसाठी कीफ लावायला परवाने मिळू लागले, जुनी वॉरंटं मिटली. गावातल्या सहकारी संस्थेनं लायाशीलाही परवाना दिला. अट अशी की संस्था देईल तेच संकरित वाण लावायचं, आणि पहिल्या वर्षी निम्मी झाडं तरी निरोगी उतरवायची. नाहीतर यादीतून नाव कमी. म्हणजे पुन्हा चोरून पेरणं आणि पुन्हा ओकचं रान.

आमची जुनी कीफ उंच, सडपातळ, पडेल त्या पावसावर वाढणारी. उन्हाळ्यातच कापून मोकळं व्हायचं. हे नवं वाण बुटकं आणि गुबगुबीत. तुरे मुठीएवढे, घट्ट. आणि पिकणार कधी, तर शरद ऋतूत, जेव्हा शर्की, म्हणजे पूर्वेचा वारा, समुद्रावरचं धुकं डोंगरावर आणून टाकतो आणि ते पाहुण्यासारखं मुक्कामच ठोकतं.

"ही कीफ आहे की कोबी गं?" शेजारच्या महजूबानं विचारलं.

"कोबीला निदान एवढे नखरे नसतात," तामू म्हणाली. पण तुऱ्यांवरून फिरणारा तिचा हात बाळंतिणीच्या खोलीत फिरावा तसा हळुवार होता.

संस्थेची तपासनीस इक्राम, रबरी बूट घालून येणारी पोरगी, तिला बजावून गेली, "खालती, तुऱ्यांवर दव बसू देऊ नका. ओल म्हणजे यांचा शत्रू."

खालती म्हणजे मावशी. मावशीनं पोरीचं ऐकलं. त्याच संध्याकाळी घरातली पांघरुणं झाडून सारी बाहेर आली. वाघसुद्धा! वरच्या पायरीवरच्या शेतात खुंट ठोकून तामूनं आम्हाला झाडांवर अंथरलं. खालच्या पायरीपर्यंत आम्ही पुरलो नाही. तिथल्या झाडांना ती म्हणाली, "माफ करा गं बायांनो, तुमच्यासाठी काही उरलं नाही."

दोन आठवडे हे चाललं. धुकं हटलं नाही त्या दिवशी आम्ही दिवसभरही तिथंच. किती वर्षांनी कुणाला तरी माझी ऊब हवी होती!

एके सकाळी लायाशीनं माझं एक टोक उचललं. मोठ्यातल्या मोठ्या तुऱ्यात एक इवलं पान पिवळं पडलं होतं. त्यानं ते ओढलं, तर लोण्यातून केस निघावा तसं हातात आलं.

तामूनं तुरा मधोमध मोडला.

आत राखाडी बुरशी होती. नुसता भुगा. तिच्या श्वासानं तो धुरासारखा उडाला. तिनं दुसरा मोडला. तिसरा. बाहेरून सगळे हिरवेगार, नटलेले, आतून मेलेले.

"लायाशी," ती म्हणाली, "लायाशी, हे काय आहे?"

 त्याची नजर समोरच्या रानाकडे गेली होती.

मी तर वरच होते, मित्रांनो. रोज होते. मला वास आला होता. मला वाटलं माझाच असेल, म्हातारपणाचा.

इक्राम धावत आली. "झाकलं कुणी?"

"मी. तूच म्हणालीस ना, दव बसू देऊ नका!"

"अहो, झाडं हलवून दव झटकायचं असतं, खालती! वारा लागू द्यायचा. घोंगडीखाली त्यांचा स्वतःचाच दमटपणा कोंडला." ती थांबली. चेहरा उतरला. "पण एवढं मी सांगितलंच नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल."

माझ्या एका फाटक्या जागेतून एक तुरा बाहेर डोकावत होता. इक्रामनं तो उकलून पाहिला. आत स्वच्छ हिरवा.

"याला वारा मिळाला," ती म्हणाली.

तिघांनीही एकदमच खाली पाहिलं आणि तिघंही बांधावरून उड्या मारत उतरली. ज्या झाडांची तामूनं माफी मागितली होती ती उघडीवाघडी, थंडीनं जांभळी पडलेली, पण एकूण एक धडधाकट होती. दोन्ही पायऱ्यांवर झाडांची संख्या सारखीच होती. म्हणजे बरोबर निम्मी. आता एकही गमावून चालणार नव्हतं.

वरच्या पायरीवरची झाडं उपटून जाळली. आम्हाला राखेच्या पाण्यात उकळून छपरावर टाकलं. त्या संध्याकाळी धुकं वर चढू लागलं तशी तामू छपरावर आली. खालची झाडं एकेक करून पांढऱ्यात बुडत होती. तिनं माझं टोक मुठीत घट्ट धरलं. किती वेळ! पण उचललं नाही. माझ्या आयुष्यात तिनं माझ्याबाबतीत इतकं अवघड काही केलं नव्हतं.

दहा दिवस पहाट झाली की नवराबायको प्रत्येक झाड हलवत दव झटकायची. "उठा गं, आंघोळ पुरे झाली," तामू ओरडायची. अकराव्या दिवशी कापणी झाली. इक्राम एकेक तुरा उकलत गेली. सगळे निरोगी. लायाशीचं नाव यादीत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खेचरावर माल लादला आणि सवयीनं रानातली पायवाट धरली.

"तिकडं कुठं?" तामू ओरडली. "सडकेनं जा! मधोमध जा, चारचौघांसारखा!"

तो थबकला, वळला आणि भर उन्हात सडकेवर उतरला. चौकीपाशी त्यानं कागद दाखवला. शिपायानं हात हलवला. तामू छपरावरून पाहत होती. तेव्हा कुठं ती रडली, आणि डोळे तिनं माझ्याच टोकाला पुसले.

मित्रांनो, आम्हा पांघरुणांना एवढंच येतं: झाकणं. आत कोण गुदमरतंय ते आम्हाला कळत नाही. म्हणून तुम्हाला विनवते, ज्याच्यावर फार जीव आहे त्याच्यावर मला जरूर घाला. पण मधूनमधून एक टोक उचलून आत बघत जा.