राहूच्या तांबड्या कालवडीचा बाप

मी एक जुनी डीएनए चिप आहे. तळहाताहून लहान अशी काचेची पट्टी. माझ्या अंगावर हजारो बारीक ठिपके आहेत आणि प्रत्येक ठिपक्यावर गाईच्या डीएनएचा एकेक ओळखीचा तुकडा चिकटवलेला आहे. तपासायचा डीएनए माझ्यावर सोडला, की जिथे तो जुळतो तिथेच चिकटतो आणि यंत्राखाली उजळतो. मित्रांनो, मला एकदाच वापरतात. पण त्या एका वेळी जे घडले, ते मी विसरले नाही.

दौंड तालुक्यातल्या राहू गावी जाईबाईंची तांबडी गाय होती. हनुमंत हा गावोगाव कृत्रिम रेतनाने गायी भरवण्याचे, म्हणजे गाभण करण्याचे काम करी. त्याने काळ्या-पांढऱ्या नामी वळूच्या रेताची कांडी, म्हणजे बारीक नळी, भरली. कालवड काळी-पांढरी होईल असे सगळ्यांना वाटले आणि झाली तांबडी!

"कांडी बदलली ह्यानं," जाईबाई साऱ्या गावाला सांगत सुटल्या. हळूहळू हनुमंताला कुणी गोठ्यात घेईना. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, तपासून घ्या. गाईचं आन् कालवडीचं शेपटीचं केस द्या."

"मीच उपटणार, मीच पाकीट बंद करणार," जाईबाईंनी बजावले.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासणी करणाऱ्या समृद्धीताईंनी केसांच्या मुळांतून डीएनए काढला. वळूचा नमुनाही मागवला. तिन्ही नमुने माझ्यावर वेगवेगळ्या कप्प्यांत सोडले. ठिपके उजळले. कालवड त्या वळूची नव्हती. पण ती त्या गाईचीही नव्हती!

समृद्धीताईंनी फोन लावला. "मावशी, ही कालवड तुमच्याच गाईची ना?"

जाईबाई म्हणाल्या, "शेजारच्या वासराचं केस घातलं व्हतं. हनुमंतानं तुमाला बी फितवलं आसंल, आसं वाटलं. तुमी 'बाप त्योच' म्हणला असता, तर तुमची लबाडी कळली असती."

मी खरेच सांगितले होते, तरी हनुमंताचे नाव तसेच डागाळलेले राहिले. याचे मला फार वाईट वाटले.

मग खरे केस आले. ते दुसऱ्या चिपवर तपासले. बाप तोच वळू निघाला. तांबडा रंग त्याच्या अंगात लपलेला होता. गाईकडूनही तोच आला, म्हणून कालवड तांबडी झाली.

जाईबाई हनुमंताच्या अंगणात गेल्या. "चुकलं माझं, हनुमंता."

त्याने मान वर केली नाही. "मला नगा सांगू, मावशी. ज्यांच्याफुडं बोलला, त्यांला सांगा."

जाईबाई सकाळी घरोघर सांगायला निघाल्या. शेवटच्या घरी पोहोचल्या तेव्हा संध्याकाळच्या धारांची वेळ झाली होती.

मित्रांनो, शंका जरूर घ्या. तिच्यासाठीच तर मला घडवले. फक्त तपासायला द्याल ते खरे द्या आणि उत्तर येईपर्यंत माणसाच्या अब्रूला हात लावू नका.