गिरणीवरचा नंबर

शिवकन्याबाईंचा मोबाइल नंबर त्यांच्या एकटीच्या मालकीचा कधीच नव्हता. तो गावाचा होता. लोह्यापासून आत, फाट्यावरून वळलं की पहिली लागते ती ज्ञानोबांची पिठाची गिरणी, आणि तिच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं हातभर आकड्यांत तो नंबर रंगवलेला. ज्ञानोबा स्वतः फोन वापरत नसत. गिरणीच्या आवाजात ऐकू येत नाही, हे त्यांनी सांगायचं कारण. कुणाचं ऐकायचंच नसतं, हे खरं कारण. म्हणून भिंतीवर नंबर बायकोचा. लाईट आली का, दळण झालं का, ज्वारीवर गहू तर टाकला नाही ना, हे विचारायला गाव दिवसभर त्याच नंबरावर फोन करी. त्यामुळे तो गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. स्वतःचा नंबर मात्र कुणालाच पाठ नाही, कारण स्वतःला फोन लावून दळणाची चौकशी कोण करतं?

इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मग नांदेडच्या रत्नमंगल वस्त्रभांडारानं बिल करताना नंबर विचारायला सुरुवात केली.

रत्नमंगल आधी एका गाळ्याचं, पांढऱ्या गादीचं दुकान होतं. भिंतीवर पाटी होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही', आणि त्याच पाटीखाली बसून जुने शेठ सगळा माल परत घ्यायचे. लग्नघरची माणसं साड्यांचा गठ्ठाच्या गठ्ठा 'पसंतीला' म्हणून गावाकडं न्यायची, घरातल्या बायका त्या उलगडून, अंगावर टाकून, एकमेकींशी भांडून चार ठेवून घ्यायच्या, आणि बाकीच्या माघारी. कोण कुणाची सून, कुणाचा शब्द किती पक्का, हे शेठना ठाऊक, आणि शेठ विसरले तर सरदारभाई सेल्समनला ठाऊक. आता दुकान चार मजली झालंय. सरकता जिना आहे. लातूरला शाखा आहे. नवी झगमगीत पाटी आहे, 'पंधरा दिवसांत निःसंकोच परत करा', आणि त्या पाटीखाली कुणी सुताचा धागा परत घेत नाही.

काउंटरवरची पोरगी म्हणायची, नंबर सांगा, पॉइंट जमा होतील. गावच्या बायकांनी आपसात ठरवूनच टाकलं. "आपला नंबर कामून द्यायचा? दिवसभर फोन येतेत. गिरणीचा सांगायचा." बायकांचं बघून पुरुषांनीही तेच सुरू केलं. घेताना तोच नंबर, परत करताना तोच नंबर. शिवकन्याबाईंच्या फोनवर इंग्रजीत मेसेज येत. दुकान आपली खुशाली विचारतंय असं समजून त्या ते पुसून टाकत. एका दिवाळीला तर दुकानानं त्यांना पॉइंटांपोटी कॅसरोल बक्षीस दिला. आपण असं काय मोठं घेतलं याचा त्यांनी थोडा विचार केला, मग त्यात गरम चपात्या ठेवल्या आणि विचार सोडून दिला.

त्यांनी स्वतः आयुष्यात एकही वस्तू परत केली नव्हती. नासका नारळ निघाला तरी त्या दुकानदाराच्या दारात जात नसत. "घेतलं ते घेतलं," म्हणायच्या. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

यंदा त्यांच्या लेकीचं, आरतीचं लग्न ठरलं. मुलगा दयानंद, लातूरला डाळमिलवर सुपरवायझर. स्थळ चांगलं, माणसं खाऊनपिऊन सुखी, फक्त मुलाची आई मानपानाला भलती कडक. थोरल्या सुनेच्या लग्नात मानाच्या साडीवरून तिनं जेवणाची पंगत अर्धा दिवस ताटकळत ठेवली होती म्हणे. त्यामुळे विहीणबाईंची साडी ही या लग्नातली सर्वांत अवघड गोष्ट होती. नवरदेव त्यामानानं सोपा होता.

शिवकन्याबाईंनी रत्नमंगलमध्ये संध्याकाळ घालवून सगळ्यांत भारी साडी निवडली. गर्द जांभळी, जरीचे काठ. छतावरच्या दिव्यांत ती पिकल्या जांभळासारखी दिसत होती. सकाळी गिरणीपुढच्या अंगणात त्यांनी ती उलगडली आणि मटकन खाली बसल्या. साडी काळी होती. जांभळी बिंभळी काही नाही, चांगली काळीकुट्ट.

"आगं माय!" त्या म्हणाल्या. "विहिणीला काळं नेसवू का मी मांडवात?"

आरती म्हणाली, "आई, बदलून आण की. पाटीच हाय तिथं तशी." दुसरी तेवढी भारी साडी घेण्याइतकं घरात काही उरलं नव्हतं. तेव्हा जन्मात पहिल्यांदा शिवकन्याबाई वस्तू परत करायला निघाल्या. एसटीत त्यांनी पिशवी पदराखाली झाकून धरली होती, चोरीचा माल असावा तशी.

काउंटरवरच्या पोरीनं नंबर टाकला आणि पडदा लाल झाला. पोरीनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर संगमेश, मूळ देगलूरचा, पुण्याला शिकून आलेला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो.

"मॅडम, तुम्ही आमच्या लाल ग्राहक आहात," तो फार नम्रपणे म्हणाला. हॉस्पिटलात वाईट बातमी सांगताना माणसं जशी नम्र होतात, तसा.

"म्हंजे?"

"सवयीनं माल परत करणारं गिऱ्हाईक. हिरव्या ग्राहकाचं आम्ही लगेच घेतो. पिवळ्याचं बघून घेतो. लालचं घेत नाही. हे मी ठरवत नाही, सिस्टिम ठरवते."

"बाबा, म्या आजवर टाचणी परत केली न्हाई!"

संगमेशनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "उन्हाळ्यात शेरवानी नेलीत. तीन दिवसांनी परत आणलीत. खिशात अक्षता निघाल्या."

"म्या शेरवानी घालते का रे?"

"कोण घालतं ते सिस्टिम बघत नाही. संक्रांतीला पैठणी. निऱ्यांत तीळ. नंतर जीन पँट, लहान बाळाची झबली, पुन्हा साड्या, साड्या, साड्या."

शिवकन्याबाई पडद्याकडं वाकल्या. त्यांना एकेक वस्तू ओळखू येऊ लागली. शेरवानी म्हणजे भागवतचा साखरपुडा. भागवत थोरल्या जावेचा, कस्तुराबाईचा मुलगा. त्याच्या शेरवानीचं कौतुक करताना यांनीच तर कानशिलावर कडाकडा बोटं मोडली होती. आणि ती पैठणी! कस्तुराबाई हळदीकुंकवाला ती नेसून अख्ख्या गावात मिरवली होती. नंतर यांनी भोळेपणानं विचारलं, "आक्का, पैठणी पुन्हा नेसली न्हाईत?" तर आक्का म्हणाल्या होत्या, "पेटीत जपून ठेवलीया बाई. चांगल्या वस्तूला वारा लागू देऊ न्हाई." पेटी म्हणजे रत्नमंगल, हे आत्ता कळलं.

"हे माझं न्हाई, गावाचं हाय," त्या कळवळून म्हणाल्या. भिंतीवरच्या नंबराची सगळी हकिगत सांगितली. संगमेशनं ती लक्ष देऊन ऐकली, मान हलवली आणि म्हणाला, "असा पर्याय सिस्टिममध्ये नाहीये." आरतीचा नंबर देऊन बघितला. तिनं कधीतरी लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर पत्ता लिहिला होता. पडदा तोही लाल. "पत्ता एकच आहे मॅडम. कुटुंबच लाल धरलं जातं."

शेवटी सरदारभाईंनी त्यांना जिन्याच्या कोपऱ्यात गाठलं. हयात या दुकानात गेलेला माणूस, आता सरकत्या जिन्यापाशी उभा राहून बायकांना पाय कुठं ठेवायचा ते दाखवायचा. "भाभी, तुमाला मी वळखतो. पन माझ्या वळखीला आता कोन इचारतंय? ते मशीन फकस्त बदलायला येनाऱ्याचा नंबर बघतं, बिल कुनाचंबी असू द्या. घराभायेरचा एखादा साफ नंबर घेऊन या."

परतीच्या एसटीत त्यांनी विचार केला आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. साफ नंबर? अख्खं गावच साफ होतं. कुणी जन्मात स्वतःचा नंबर दिलाच नव्हता! लाल होत्या त्या एकट्या शिवकन्याबाई.

पण नंबर उसना द्यायला कुणी तयार होईना. शिवकन्याबाईंचा नंबर लाल झाला ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती, आणि लोक त्या लालीला खरजेसारखे भ्यायले. एक म्हणाली, ह्यांना विचारते. दुसरीचा फोन एकाएकी बिघडला. तिसरीनं तर दळणाचा डबा दुरूनच ठेवला. ज्यांची झबली आणि जीन पँटी यांनी आपल्या नावावर वाहिल्या होत्या, ती माणसं! शिवकन्याबाईंना इतका राग आला, इतका राग आला, की त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचं पीठ जाडंभरडं दळलं.

उरली कस्तुराबाई. जाऊ असली तरी तिचं घर वेगळं, पत्ता वेगळा.

"चलते की," कस्तुराबाई म्हणाली. "पन माझ्या आयेराची साडी रत्नमंगलचीच पायजे. आन आता असं तोंड करून बघू नको. तुझ्या नंबरावर एवढं घेतलं म्हनून कॅसरोल कुनाला मिळाला? मला का तुला?"

कॅसरोल मिळाला होता हे खरंच होतं.

दोघी नांदेडला गेल्या. कस्तुराबाईनं स्वतःचा नंबर एका चिठ्ठीवर मुलाकडून लिहून आणला होता. पोरीनं तो टाकला आणि पडदा हिरवागार झाला. संगमेश धावत आला. खुर्ची आली, चहा आला. "मॅडम, एकही परतीचा डाग नाही! तुमच्यासारखे ग्राहक हीच आमची पुंजी."

कस्तुराबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि बशीत चहा ओतत म्हणाली, "आमच्या घरात पहिल्यापासून तसंच हाय. घेतलं ते घेतलं."

शिवकन्याबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांना खुर्ची नव्हती. स्वतःचंच वाक्य त्या तोंडातून ऐकून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण साडी अजून काउंटरवर होती. त्यांनी दात आवळले आणि दुसरी साडी निवडली. मोरपंखी. ती घेऊन तडक दारातून बाहेर, रस्त्यावरच्या उन्हात. दारातलं यंत्र कोकलायला लागलं, वॉचमन मागं धावला, तरी त्यांनी आधी रंग बघितला. मोरपंखी ती मोरपंखीच होती. मग काळी गेली, मोरपंखी आली, आणि नवं बिल झालं ते कस्तुराबाईच्या नंबरावर.

आठवडाही गेला नसेल, कस्तुराबाईच्या फोनवर मेसेज आला. भागवतनं वाचून दाखवला. पहिलाच व्यवहार परतीचा, सबब आपण पिवळ्या ग्राहक झाला आहात. मग काय विचारता! कस्तुराबाईनं गावात दारोदार जाऊन डोळ्याला पदर लावला. "माझं नाव कसं दुधासारखं होतं बाई. धाकटीच्या पायी डाग लागला. उपकार करायला गेले." आणि बायका हळहळत होत्या. त्याच बायका. "शिवकन्यानं असं करायला नको होतं," म्हणत होत्या.

लग्नाच्या दिवशी मांडवात मानाच्या साडीची घडी विहीणबाईंच्या हातात गेली. विहीणबाईंनी साडी उलगडली. पदर बघितला. काठ चिमटीत धरून चोळला. उन्हाकडं धरली. पंगतीतले वाढपी थबकले.

"लई झ्याक साडी हाय," विहीणबाई म्हणाल्या. शिवकन्याबाईंनी वाढप्यांना वाढायची खूण केली. "कापड बी भारी हाय. फकस्त रंग तेवढा... मोरपंखी मला तीन हायती. आता आमच्या लातुरात गर्द जांभळं चालू हाय, उजेडात काळं दिसतंय बघा तसलं. काय न्हाई, दुकानाची शाखा हाय आमच्या घरापाशीच. घेते बदलून. पन तिथं नंबर इचारतेत माय, आन माझा म्या कुठंच देत न्हाई."

शेजारीच कस्तुराबाई बसली होती, अंगावर रत्नमंगलची आहेराची साडी, पिवळं झाल्याचं दुःख एका पाहुणीला सांगत. तिनं इकडं मान वळवली.

"त्याची काळजी करू नका, विहीणबाई," शिवकन्याबाई म्हणाल्या. आवाज असा गोड, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "बिलावरचाच नंबर सांगा. पाठ करून घ्या. तुमच्या जावा, नणंदा, शेजारणी, कुनालाबी लागला तरी सांगा खुशाल. आता आपन एकाच घरच्या."

आणि जावेच्या डोळ्यात डोळा घालून, दळणाचे डबे मोजावेत तसा एकेक आकडा सुटा सुटा उच्चारत, त्यांनी कस्तुराबाईचा नंबर सांगितला. विहीणबाईंनी तो दोनदा म्हणून घेतला. मागं बसलेल्या लातूरच्या बायकांनीही म्हटला.