पंच्याहत्तरच्या डब्याला पन्नासची वायर

मी एक जुना रिपीटर आहे. आत्मकथेत मित्रांनो म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो, मित्रांनो. एरवी माणसांशी माझं वाकडंच आहे.

लोखंडी पत्र्यांच्या कारखान्यात, क्रेनच्या केबिनबाहेरच्या खांबावर मला ठोकलं आहे. क्रेनच्या हुकाजवळ कॅमेरा आहे. त्याचं चित्र विजेच्या एकामागे एक ठोक्यांनी लांबलचक वायरीतून धावत येतं. इतक्या वेगात इतक्या लांबून येताना ते झिजतं. मी त्याला घासूनपुसून नवं करतो आणि केबिनमधल्या पडद्याकडे धाडतो.

पडद्यासमोर क्रेन चालवणारी ताई बसायची. खाली पत्र्यांच्या गठ्ठ्यांना साखळ्या लावायला तिचा सख्खा धाकटा भाऊ असायचा. मध्ये भट्टी आडवी येते, त्यामुळे तो तिला दिसायचा तो फक्त माझ्यामुळे. येता-जाता ती माझ्यावरची काजळी पुसायची. बाकी कुणाच्या खिजगणतीतही मी नव्हतो.

मग भट्टीच्या धगीनं कॅमेऱ्यापासून माझ्यापर्यंतची वायर जळली. कारखान्याच्या साहेबांनी गोदामातून अँटेनाची उरलेली वायर आणवली.

वायरमन म्हणाला, "साहेब, हिचा इम्पिडन्स पन्नास ओहमचा. कॅमेरा नि हा रिपीटरचा डबा दोन्ही पंच्याहत्तरचे. जुळणार नाही."

"वायर ती वायर. आतलं तांबं काय वेगळं असतं का? जोड गुमान."

त्यानं जोडली. साहेबांना कळत नव्हतं, त्याचा मला राग आहे. वायरमनला कळत होतं आणि तरी त्यानं मान खाली घातली, त्याचा जास्त आहे.

इम्पिडन्स म्हणजे धावत्या ठोक्यांना वायरीचा होणारा विरोध. तो दोन्हीकडे जुळला नाही की जोडापाशी थोडे ठोके आल्या पावली मागे फिरतात आणि मागून येणाऱ्यांत घुसतात. झिजलेलं मी दुरुस्त करतो. असं कालवलेलं मला निवडता येत नाही. चित्र फुटायला लागलं, मध्येच गोठायला लागलं. पडद्यावर भाऊ एका जागी उभा दिसायचा आणि खरा भाऊ केव्हाच दुसरीकडे गेलेला असायचा.

दोष कुणाचा? माझा! मला 'बोबडा' म्हणू लागले. चित्र अडलं की जो तो येऊन माझ्या डोक्यात पाना हाणायचा. साहेबांनी माझ्या शेजारी आणखी एक रिपीटर लावला. गढूळ पाणी दोन पेल्यांतून ओतलं म्हणून काय नितळतं?

एका दुपारी पडद्यावर भाऊ लांब उभा दिसला, म्हणून ताईनं गठ्ठा खाली सोडला. चित्र गोठलेलं होतं. ते हललं तेव्हा भाऊ गठ्ठ्याखाली वाकलेला दिसला. तिनं ब्रेक दाबला. गठ्ठा त्याच्या पाठीपासून वीतभर वर थांबला.

ती केबिनबाहेर आली. साहेब वायरमनला घेऊन धावत आले. "हा बोबडा उपटून फेका!"

"त्याला कशाला फेकता? वायर बदला."

"आधी हा माल उतरव. मग बघू."

ताईनं वायरमनच्या हातातली पक्कड हिसकली आणि ती वायर कचकन तोडली.

"अर्धंमुर्धं दिसतंय म्हणून चालवून घेताय ना? घ्या. आता काहीच दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तरची वायर आली. ती मिळत नव्हती असं नाही, कुणी मागवलीच नव्हती. चित्र लख्ख झालं. ताईला मात्र कंपनीची वायर तोडली म्हणून कामावरून काढलं. आता तिच्या खुर्चीवर दुसराच बसतो. साखळी लावण्याआधी भाऊ कॅमेऱ्याकडे बघतो. त्याच्या डोळ्यांतली भीती मी जशीच्या तशी, एकही ठोका न गाळता, त्या परक्या माणसाला पोचवतो.

शेवटी वस्तूंची निगा राखा असं सांगायचं असतं. वायरमन राखतो की! रोज मऊ फडक्यानं मला पुसतो. त्याचा हात लागला की मला शिसारी येते. मित्रांनो, मला पुसायला येऊ नका. वायर जोडताना तिच्यावरचा आकडा वाचा. जुळत नसेल तर ती हातातून खाली ठेवा, समोर कुणीही उभा असो.